संदर्भ विभागातली नदी

ग्रंथपाल म्हटलं की लोकांना वाटतं, बाई पंख्याखाली बसून दिवसभर कादंबऱ्या वाचत असेल. माझ्या सासूबाईंची तर शेवटपर्यंत हीच समजूत होती. "तुले काय, बसल्या जागी पगार," म्हणायच्या. एकदा त्यांना हट्टानं वाचनालयात आणून बसवलं. त्यांच्या देखत मी झाडू मारला, पेपर दांडीला चढवले, एकाच पेपरवरून भांडणाऱ्या दोन रिटायर्ड मास्तरांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं, कपाटामागून मेलेली पाल काढली आणि फाटक्या पाठीच्या पुस्तकांना खळ लावली. घरी जाताना सासूबाई म्हणाल्या, "मंग तू वाचतं कवा?" म्हटलं, "आई, तेच तर मी सगळ्यांना विचारून राहिले."

नोकरीला कधी लागले, पर्मनंट कधी झाले, कोणत्या अध्यक्षांशी माझं पटलं नाही, यात कोणाला रस असेल असं मला वाटत नाही. मलाच नाही. रिटायर होऊन घरी बसल्यावर डोळ्यांसमोर येतात ते संदर्भ विभागातले आमचे मोठे खंड, आणि त्यातल्या एका खंडापायी रोज दुपारी येणाऱ्या भागरताबाई. तेव्हा तेच लिहिते. बाकीचं राहू द्या.

हे खंड तुमसरच्या एका राईस मिलवाल्या शेटजींनी वडिलांच्या स्मरणार्थ आम्हाला दिले. जुन्या काळचे लोक जगात कुठे कुठे कसे राहायचे, काय पिकवायचे, काय नेसायचे, मेल्या माणसाचं काय करायचे, सगळं साध्या मराठीत आणि पानोपानी रंगीत चित्रं. इजिप्त, सुमेर, चीन, ग्रीस, रोम, पार तिकडचे माया आणि इंका, आणि आपले सिंधूकाठचे. शेटजींच्या गाडीत तांदळाच्या पोत्यांसोबत आले होते, त्यामुळे खोकी उघडली तेव्हा रोम काय आणि चीन काय, सगळ्यांना कोंड्याचा वास येत होता. शेटजींनी स्वतः एकही खंड उघडून पाहिला नाही. पण फोटो काढताना दोन्ही हातांत एकेक धरला आणि म्हणाले, "वजन चांगलं आहे."

वजन होतंच. असली पुस्तकं गुळगुळीत जाड कागदावर छापतात. चित्र झकास उठतं, पण तो कागद ओल धरतो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम गाळतात. दोन पानं एकदा चिकटली की सोडवताना इकडच्या राणीचं नाक तिकडच्या बैलाला लागून येतं. म्हणून पावसाळाभर मी ते खंड पंख्याखाली उघडून एकेक पान हवेशीर करायची. असे खंड उभे ठेवायचे नसतात, स्वतःच्या भारानंच त्यांची शिवण सुटते, आडवे निजवायचे. पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं. आणि बोटाला थुंकी लावायची नाही. थुंकी लावणारा दिसला की माझं टाळकं फिरायचं, मग तो सरपंच असो की हेडमास्तर. "घरी भाकरीला लावता का थुंकी?" असं मी एका पुढाऱ्याला भर वाचनालयात विचारलं होतं. त्यानं माझी तक्रार केली आणि पुढच्या वेळी कोरड्या बोटानं पान उलटलं. मला तेवढं पुरे होतं.

आणि हे खंड घरी द्यायचे नाहीत. संदर्भ विभागातलं पुस्तक वाचनालयात बसूनच बघायचं, असा सगळीकडेच नियम असतो. त्यावरून माझ्याशी न भांडलेला माणूस आमच्या तालुक्यात विरळा.

सुरुवातीला वाटलं होतं, कोण बघणार आहे ही पुस्तकं? पण चित्रांना गिऱ्हाईक मिळतंच. वरठीच्या स्टीलच्या कारखान्यात कामाला असलेला एक माणूस शिफ्ट सुटली की मोटरसायकलनं थेट यायचा. पिरॅमिडच्या चित्रापुढे हेल्मेट काखेत धरून बसायचा आणि मला विचारायचा, "मॅडम, हे दगड वर नेले कसे?" मी पुस्तकातलं वाचून दाखवायची, की चढत्या रस्त्यावरून ओढत. तो मान हलवायचा. "नाही पटत. आमचा सेफ्टीवाला अशा कामाले परवानगीच देणार नाही." सेफ्टीवाल्याची परवानगी नाही म्हणून त्यानं पिरॅमिड शेवटपर्यंत मानला नाही. एका आईनं सुमेरच्या राणीचे कानातले बघायला सोनाराला सोबत आणलं होतं, पोरीच्या लग्नात तसेच करायचे म्हणून. सोनारानं चष्मा पुसून पुसून पाहिलं आणि म्हणाला, "करून देतो, पण कान तुमच्या जबाबदारीवर." नाटक कंपनीचा एक माणूस रोमन शिपायाचं शिरस्त्राण कागदावर काढून घेऊन गेला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात आणि रात्री नाटक असतं. त्या वर्षी नाटकातल्या राजाचे पहारेकरी डोक्यावर झाडूचे तुरे लावून उभे होते. सबंध मांडवात रोम ओळखणारी मी एकटीच. हसूही येत होतं आणि आमच्या खंडाचा अभिमानही वाटत होता.

भागरताबाई मात्र पुस्तक बघायला आल्या नव्हत्या. त्यांना वाचताच येत नव्हतं. त्यांचे यजमान दयारामजी बाजाराच्या दिवशी पेपर वाचायला यायचे. उंच, वाकलेले, बोलायला मऊ. धानाची शेती केलेला माणूस. त्यांचं मूळ गाव वैनगंगेला लागून होतं, आणि वावर पलीकडच्या काठाला, डोंग्यानं, म्हणजे छोट्या नावेनं, ये-जा करायचे. गोसीखुर्दच्या धरणानं पाणी अडलं आणि गाव बुडितात गेलं. सरकारनं आमच्या गावाच्या पलीकडे माळावर नवी वस्ती करून दिली, सरळ रस्ते आणि एकासारखं एक घर. तिला गावाच्या नावानं कोणी हाक मारत नाही, सगळे 'पुनर्वसन' म्हणतात.

एका बाजाराच्या दिवशी दयारामजी बायकोला घेऊन आले. म्हणाले, "बसू द्या जी थोडी. घरी एकटी ठेवता येत नाही." भागरताबाईंना विसरण्याचा आजार लागला होता. सकाळी जेवलं की नाही ते आठवत नव्हतं, पण लग्नाच्या वर्षी त्यांच्या बांधीचं, म्हणजे धानाच्या खाचराचं, पाणी कोणी फोडलं ते नावानिशी सांगायच्या. पाच मिनिटं बसल्या असतील नसतील, उठल्या आणि कपाटांचे दरवाजे उघडायला लागल्या. एक, दोन, तीन. प्रत्येक कपाटात डोकं घालून बघायच्या आणि पुढे जायच्या.

"काय शोधता बाई?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"घर," त्या म्हणाल्या.

दयारामजी पेपर टाकून धावत आले, खजील झाले, माफी मागायला लागले. मला माझ्या आवाजाचं वाईट वाटलं आणि कपाटांची काळजीही वाटत होती. म्हणून रडक्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसा मी हाताशी आलेला एक मोठा खंड त्यांच्यापुढे उघडून ठेवला. तो इजिप्तचा निघाला. त्यांनी पानं उलटली. वरच्या कोपऱ्यातून, कोरड्या बोटानं, हे मी लगेच पाहून घेतलं. आणि एका पानावर त्यांनी दोन्ही हात गालांना लावले.

"अवं माय! भुजल्या!"

मी जवळ जाऊन पाहिलं. दोन पानांवर पसरलेलं चित्र होतं. नाईल नदीचा काठ, शिंदीसारखी खजुराची झाडं, मातीची घरं, आणि बायका रांगेनं पाण्याकडे निघालेल्या. प्रत्येकीच्या हातात मातीनं भरलेलं पसरट भांडं आणि त्यात धान्याचे पिवळे कोंब. देवासाठी असे कोंब उगवण्याची रीत तिथे होती, असं खाली लिहिलं होतं. ते चित्र मी शेकडो वेळा पुसलं असेल, पण कधी डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडेही राखीनंतर भुजल्या असतात. पानांच्या द्रोणांत माती घालून गहू पेरायचे, अंधारात झाकून ठेवायचे, म्हणजे कोंब पिवळेधमक येतात. मग बायकापोरी ते डोक्यावर घेऊन वाजतगाजत तळ्यावर नाही तर नदीवर जातात, माती पाण्यात सोडतात, आणि कोंब एकमेकींच्या कानांमागे खोचतात.

"हा आमचा घाट व्हय," भागरताबाई सांगायला लागल्या. "साऱ्याजणी नव्या लुगड्यातल्या दिसून राहिल्या. हे आमची मालन, पाहा कशी मान ताठ ठेवून चालते, नवऱ्यानं नवी नथ देली ना! अन् हे मी."

तिसऱ्या बाईवर त्यांनी बोट ठेवलं. मी शिकलेली बाई, 'हे इजिप्त आहे' असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात दयारामजींकडे लक्ष गेलं. ते चित्र बघतच नव्हते, बायकोकडे बघत होते. म्हणाले, "लय दिवसानं अशी बसली जी." मी तोंड मिटलं.

त्यानंतर ते दोघं दर बाजाराच्या दिवशी यायचे. दयारामजी पेपर वाचायचे आणि भागरताबाई आपल्या गावी जायच्या. मग मध्येच येईनाशा झाल्या. एक दिवस दयारामजी एकटेच आले, दारातच उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"काय झालं, भाऊ?"

"बुढी पाण्यात गेलती."

भर दुपारी त्यांचा डोळा लागला आणि भागरताबाई घरातून निघून गेल्या. नव्या वस्तीतली सगळी घरं सारखीच, त्यांना त्यात आपलं घर कधी सापडलंच नव्हतं. त्या थेट धरणाच्या पाण्यापर्यंत चालत गेल्या. मासे धरणाऱ्या दोघांना दिसल्या तेव्हा कमरेइतक्या पाण्यात होत्या आणि पुढे जात होत्या. त्यांनी ओढून काढलं तर रागावल्या. 'मी घरी जाऊन राहिले, सोडा,' म्हणाल्या.

"गाव तिकडेच हाय ना, बाई," दयारामजी म्हणाले. "चुकली कुठं थे? रस्ता तं बरोबरच धरला." त्या माणसाला जगाकडून एकच हवं होतं. बायको पाण्यात जाऊ नये आणि आपल्याजवळ राहावी. म्हणाले, "थे पुस्तक मले द्या ना जी. पुस्तकात बसली तं पाण्यात जाणार नाही."

मी नियमाची बाई. पण डोकं चालवलं. शहरात जाणाऱ्या एकाच्या हातून त्या चित्राची मोठी रंगीत झेरॉक्स मागवली, प्लास्टिकमध्ये पक्की करून घेतली आणि दयारामजींना दिली. स्वतःवरच खूष होते, नियमही राहिला आणि कामही झालं! चार दिवसांनी ते चित्र परत घेऊन आले.

"नाही चालत, बाई. थे म्हणते, हा फोटो हाय, याच्यात जाता येत नाही. तिले रस्ता पाह्यजे."

मला कळेना. मग त्या पुढच्या बाजाराला आल्या तेव्हा मी शेजारी बसून पाहिलं. भागरताबाई कधीच ते पान एकदम उघडत नसत. पहिल्या पानापासून निघायच्या. वाळवंट आलं की म्हणायच्या, "हे रेती. पाय भाजतेत, लवकर चाल." मग खजुराची झाडं, "हे शिंदीचं बन." मग शेतं, बैल, पाणी ओढणारा माणूस, "इथून बांधावरून जावा लागते, पाय घसरते, जपून." मग मातीची घरं, कोणाकोणाची ते नावानिशी. आणि मग घाट. मी इतकी वर्षं लोकांना पुस्तकं दिली, पण पुस्तकातून असं पायी चालत जाणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मी दयारामजींना म्हटलं, "घेऊन जा खंड. माझ्या जबाबदारीवर." नोकरीत पहिल्यांदा असं बोलले. पण त्यांनीच नकारार्थी मान हलवली.

"नको, बाई. घरी नेलं अन् एखाद्या दिवशी पुस्तक काखेत धरून पाण्यात गेली तं? दोघंही जाईन. तिले इथंच आणतो."

आणि ते आणायला लागले. सोमवारची सुट्टी सोडून रोज दुपारी तीनला. सायकलच्या कॅरिअरवर गोधडीची घडी, त्यावर भागरताबाई, आणि दयारामजी हँडल धरून पायी. इतक्या वयाचा माणूस उन्हातून, चिखलातून रोज तेवढं चालायचा. मी त्यांच्यासाठी खिडकीजवळचं टेबल ठेवलं. वाचनालयाची पोरंसोरं आधी फिदीफिदी हसायची, मग त्यांना सवय झाली, मग त्यांनाच भागरताबाईंचं गाव पाठ झालं. आमचे अध्यक्ष एकदा म्हणाले, "मॅडम, हे वाचनालय आहे की दवाखाना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "साहेब, तो खंड आल्यापासून सर्वांत जास्त कोणी वाचला असेल तर या बाईंनी. तुम्ही कधी उघडला का?" पुढे त्यांनी तो विषय काढला नाही.

भागरताबाई पाण्याकडे जायच्या थांबल्या. दुपारी एकदा गाव बघून आल्या की रात्री शांत झोपतात, असं दयारामजी सांगायचे. त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. मला वाटलं, जमलं आपलं.

पण तो आजार कोणाचं ऐकतो? पावसाळा सरता सरता भागरताबाई दयारामजींनाच विसरायला लागल्या. आधी नाव विसरल्या. मग एक दिवस माझ्या कानाला लागून विचारलं, "हा बुढा कोणाचा व्हय? रोज माह्याजवळ येऊन बसते." मी कसंबसं म्हटलं, "तुमचेच आहेत ते." त्या हसल्या. "नाही वो. भला दिसते, पण आमचा नाही." दयारामजी दोन हातांच्या अंतरावर बसलेले, सगळं ऐकत होते. पेपर तोंडापुढे धरून बसले, आणि किती तरी वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

मग सहा वाजले की भीती वाटायला लागली. वाचनालय बंद करायची वेळ, आणि बाई परक्या माणसासोबत जायला तयार नाही. कधी मी सोबत फाटकापर्यंत जायची, कधी चहाचं आमिष, कधी खोटं. नाकी नऊ यायचे. एकदा तर त्यांनी दयारामजींच्या हाताला चावा घेतला. ते हात झटकून म्हणाले, "बराबरच हाय तिचं. परक्या माणसानं हात धरला तं का करन?"

दिवाळीला त्यांचा मुलगा राजू आला. नागपूरला कंपनीत आहे, शहाणा, शांत मुलगा. गावची मंडई होईपर्यंत थांबला आणि जे बघायचं ते त्यानं बघितलं. आई बापाला ओळखत नाही, बाप रात्रभर दाराशी खाट लावून निजतो. रविवारी दुपारी तोही त्यांच्यासोबत वाचनालयात आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, उद्या सकाळी वरठी स्टेशनवरून गाडी आहे. आईला घेऊन जातो. फ्लॅट आहे, दाराला लॉक आहे, दिवसा बघायला बाई ठेवतो. बाबा काही ऐकून नाही राहिले, तुम्ही सांगा त्यांना."

"आणि ते?"

"ते म्हणतात, मी इकडचं सोडून नाही येत. अन् येऊन करतील काय? आई तर त्यांना ओळखतच नाही."

त्याचं काही चुकत नव्हतं. मी काय सांगणार होते? दयारामजींकडे गेले तर तेच म्हणाले, "मले समजते, बाई. तिथं कडीकुलूप हाय, पाणी नाही. पण नदी भी नाही ना. जाईन कुठं थे तिकडे?" आणि मग अगदी हळू म्हणाले, "अन् मी कोणाले घेऊन येऊ दुपारी?" मी उगाच टेबल पुसत राहिले.

त्या दिवशी भागरताबाई एका वेगळ्याच जागी रमल्या होत्या. दोन पानांवरचं चित्र असलं की मधला थोडा भाग शिवणीत जातो, पुस्तक दाबून उघडल्याशिवाय दिसत नाही. आणि आम्ही तर दाबून उघडू देत नाही, शिवण तुटते म्हणून. पण रोज रोज उघडून तो खंड त्या पानावर सैल झाला होता, आणि शिवणीतलं चित्र बाहेर आलं होतं. नदीत एक नाव. नावेत एक उंच माणूस, हातात बांबू, धोतर गुडघ्यांवर खोचलेलं. इतक्या वर्षांत मीही तो पाहिला नव्हता.

सहा वाजले. दयारामजी उठले. "चाल वो, घरी जाऊ."

भागरताबाईंनी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं. रागानं नाही, समजुतीनं. "तुमी जा जी. तुमच्या घरचे वाट पाहत असतीन. राजूचा बाप वावरातून येऊन राहिला ना," आणि शिवणीतल्या त्या नावेवर बोट ठेवलं. "तो आला की मी जाईन."

"आई, मी राजू," मुलगा पुढे होऊन म्हणाला.

"राजू पाळण्यात हाय," त्या म्हणाल्या. राजूनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बघा, मी म्हणत होतो ना, असं त्याला म्हणायचं होतं.

दयारामजींनी वाकून ते चित्र पाहिलं, आणि मग तसेच दारातून बाहेर निघून गेले. वाटलं, आता माणसाचा धीर सुटला, रडायला गेले. मी खिडकीतून पाहिलं. आवारातल्या नळाखाली ते उभे होते. पाय भिजवले, हात कोपरापर्यंत भिजवले, चेहऱ्यावर पाणी मारलं. धोतर वर खोचलं, खांद्यावरचा दुपट्टा डोक्याला गुंडाळला. कुंपणाला टेकवलेला जळमटं काढायचा बांबू घेतला. आणि पायऱ्या चढून परत आत आले. माझ्या पुसलेल्या फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटत होते. ओल्या पायांनी पुस्तकांच्या खोलीत कोणी आलं की मी गाव डोक्यावर घेते, पण त्या दिवशी मी ते ठसे तसेच राहू दिले.

ते दारातच थांबले. इतके दिवस वाकून चालणारा माणूस सरळ उभा होता.

"भागरता," त्यांनी हाक मारली. "ओ भागरता. चाल."

भागरताबाईंनी वर पाहिलं. चित्राकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं. आणि त्यांचा चेहरा असा उजळला, असा उजळला, की मला काय लिहावं कळत नाही. खुर्ची मागे सारून उठल्या.

"किती येळ लावला जी!"

"पाणी लय चढलं होतं," दयारामजी म्हणाले. "डोंगा काठाले लागतच नव्हता."

"मले वाटलं, आता तुमी येतच नाही."

"कसा येणार नाही? आलो ना."

भागरताबाईंनी खंड मिटला. एरवी तो त्यांच्या हातून सोडवून घ्यावा लागायचा. पदरानं त्यांनी दयारामजींचा ओला चेहरा पुसला, "भूक लागली असन ना," म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून चालायला लागल्या. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. दारापाशी त्या थबकल्या आणि मागे वळून शोधू लागल्या.

"थो मघाचा बुढा कुठं गेला? भला होता बिचारा. रोज बसत होता माह्याजवळ."

"गेला त्याच्या घरी," दयारामजी म्हणाले. "सुखानं गेला."

दोघं पायऱ्या उतरले. दयारामजींनी बांबू भिंतीला टेकवला आणि सायकल काढली. राजू तिथेच खांबाला धरून उभा होता. त्यानं डोळे पुसले आणि खाली जाऊन बापाच्या हातातून सायकलचं हँडल घेतलं. भागरताबाई कॅरिअरवर बसल्या, दयारामजी त्यांच्या बाजूनं चालू लागले. फाटकाशी पोचल्यावर राजू थांबला, सायकल बापाच्या हाती देऊन माझ्याकडे परत आला.

"मॅडम," म्हणाला, "उद्या वाचनालय उघडं असतं का?"

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवारी आमचं वाचनालय बंद असतं, दारावर तशी पाटी आहे, आणि ती पाटी माझ्याच अक्षरातली आहे.

"उघडं आहे," मी म्हटलं. "तीन वाजता या."